27 प्रमाणपत्रं, 10 रकाने

माझी भाची वडोदऱ्यात, दांडिया बाजारात लहानाची मोठी झाली. 2024 च्या सप्टेंबरमध्ये ती बारावीत होती आणि अमेरिकेतल्या काही विद्यापीठांसाठी अर्ज भरत होती. मी शाळेत गणित शिकवायचे. शेवटची काही वर्षं बाहेर जाणाऱ्या मुलांचे अर्ज तपासायचं कामही माझ्याकडे होतं. म्हणून दादाचा फोन आला, "एकदा येऊन जा गं. घरात रोज वाद चाललेत."

वाद एकाच गोष्टीवरून होते. अर्जात कुठली बक्षिसं आणि कुठले उपक्रम लिहायचे, आणि कुठले गाळायचे. हे मी तिच्या परवानगीने लिहितेय, सविस्तर लिहितेय, कारण दरवर्षी सप्टेंबर आला की आपल्या ओळखीच्या दोनचार घरांत हाच वाद होतो आणि बहुतेक वेळा मूल गप्प बसतं.

आपली लोकं इथे का गोंधळतात, ते मला चांगलं ठाऊक आहे. दादाने एम. एस. युनिव्हर्सिटीत प्रवेश घेतला तेव्हा गुणपत्रिका दाखवली, फी भरली, विषय संपला. आजही इंजिनिअरिंगला जेईई किंवा गुजकेट, केंद्रीय विद्यापीठांना सीयूईटी. आकडा पुढे करायचा, बाकी कोणी विचारत नाही. अशा घरात एकदम एक फॉर्म येतो आणि विचारतो की शाळा सुटल्यावर तू काय करतेस. याच शहरातून सयाजीराव महाराजांनी 1913 साली शिष्यवृत्ती देऊन डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं होतं. तेव्हा असे रकाने नव्हते. आता आहेत, आणि ते भरताना आईवडील घाबरतात.

मी गेले त्या संध्याकाळी वहिनीने जेवणाच्या टेबलावर फाईल काढून ठेवली होती. निळी, प्लॅस्टिकच्या कप्प्यांची. बालवाडीच्या वेशभूषा स्पर्धेपासून सगळं जपलेलं. नववीनंतरची मोजली तर 27 प्रमाणपत्रं भरली. वहिनी म्हणाली, "वन्सं, एवढं सगळं आहे आणि फॉर्ममध्ये जागाच नाही."

जागा खरंच कमी असते. कॉमन ॲप म्हणजे तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांचा मिळून एकच ऑनलाइन अर्ज. त्यात उपक्रमांचे 10 रकाने. प्रत्येकात पदासाठी 50 अक्षरं, संस्थेच्या नावासाठी 100, आणि तुम्ही नेमकं काय केलं ते सांगायला 150, मधल्या रिकाम्या जागा धरून. सोबत कुठल्या इयत्तेत, आठवड्याला किती तास, वर्षातले किती आठवडे. बक्षिसांचा भाग वेगळा, त्यात 5 ओळी, प्रत्येकी 100 अक्षरांच्या, आणि प्रत्येकीपुढे पातळी निवडायची: शाळा, राज्य किंवा विभाग, देश, आंतरराष्ट्रीय. उपक्रम नववीपासूनचेच धरतात. आणि क्रम तुम्हाला जे महत्त्वाचं वाटतं त्याप्रमाणे लावा, असं फॉर्म स्वतःच सांगतो. ही शेवटची सूचना कोणी वाचत नाही.

दादाने आधीच एका सल्लागाराकडे पैसे भरले होते. त्याने करून दिलेला मसुदा टेबलावर होता. नऊ नोंदी होत्या. पहिली शाळेची हेड गर्ल. दुसरी एका 'संस्थेची संस्थापक', तिसरी संशोधन. मग मॉडेल युनायटेड नेशन्स (मुलांची लुटुपुटूची संयुक्त राष्ट्रसभा), मल्लखांब, ऑलिम्पियाडची तयारी, ऑनलाइन कोडिंग, शाळेच्या वाचनालयात मदत, आणि शेवटी कथ्थक. बक्षिसांच्या पाचही ओळी भरलेल्या, त्यातल्या तीन 'आंतरराष्ट्रीय'.

पोरगी पाय वर घेऊन खुर्चीत बसली होती, काही बोलत नव्हती.

मी आधी तासांची बेरीज केली. गणिताच्या बाईची सवय. नऊ नोंदींचे मिळून आठवड्याला 61 तास. मग कागदावर तिचा आठवडा मांडला. 168 तासांतून झोपेचे 49 गेले, शाळेचे 36, जाण्यायेण्याचे 6. उरले 77. आंघोळ, जेवण, घरातली ये-जा यांचे दिवसाला दोन धरले तरी 63 उरतात. त्यातून अभ्यास आणि ट्यूशनचे 18 काढले की 45. म्हणजे या मसुद्याप्रमाणे माझी भाची दर आठवड्याला 16 तास आणते कुठून? दादा कागदाकडे बघत राहिला. तो धंद्यातला माणूस, जमाखर्च जुळत नाही हे त्याला लगेच कळतं. जे त्याला एका मिनिटात दिसलं ते रोज शेकडो अर्ज वाचणाऱ्याला दिसणार नाही, असं मानायला जागा नव्हती.

मग एकेक नोंद घेतली.

कथ्थक आठवीत सुटलं होतं. ते गेलं. कोडिंगचा कोर्स सहा आठवड्यांचा, दहावीच्या सुट्टीत केलेला, नंतर तिने एक ओळही लिहिली नव्हती. तोही गेला. मॉडेल युनायटेड नेशन्स म्हणजे दोन शनिवार-रविवार, फी भरून, सगळ्यांना प्रमाणपत्र. "मजा आली होती," ती म्हणाली, "पण तेवढंच." वाचनालय नववीतलं, एका सत्राचं.

संशोधनापाशी मात्र मी थांबले. पैसे घेऊन छापणाऱ्या एका नियतकालिकात लेख होता, चार नावांत हिचं चौथं. लेखात एक तक्ता होता. मी विचारलं, "हा तक्ता काय सांगतो?" ती तक्त्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. वहिनीने हळूच सांगितलं की याचे वेगळे पैसे भरलेत. मला त्या पैशांचं वाईट वाटलं, पण नोंद काढायलाच हवी होती. अर्ज पाठवताना विद्यार्थी सही करतो की यातलं सगळं खरं आहे आणि माझं स्वतःचं आहे. 17 वर्षांच्या मुलीकडून आपण कशाखाली सही करून घेतोय, याचा विचार मोठ्यांनी करायला हवा. याबाबतीत माझं मत ठाम आहे आणि वय वाढलं तसं ते अधिकच ठाम झालंय.

'संस्थापक' या नोंदीचा निकाल तिने स्वतःच लावला. सल्लागाराच्या सांगण्यावरून एका रविवारी वह्या-पेन्सिली वाटल्या होत्या. बॅनर छापला, फोटो काढले. मी काही विचारण्याआधी ती म्हणाली, "आत्या, त्यातल्या एकाही मुलाला मी परत भेटले नाही. नावंसुद्धा माहीत नाहीत." तिच्या आवाजात जे होतं ते ऐकून दादाने स्वतः पेन उचलून ती ओळ खोडली.

बक्षिसांचं वेगळं कोडं होतं. 27 पैकी 11 प्रमाणपत्रं खासगी ऑलिम्पियाडची. नावात 'इंटरनॅशनल' आणि सोबत सोनेरी पदक. पण पदक मिळालं होतं शाळेत पहिली आल्याबद्दल. परीक्षेच्या नावात काय आहे यावरून पातळी ठरत नाही, तुम्ही कोणात वरचे आलात यावरून ठरते. ती 40 मुलांत वरची आली होती. तेव्हा पातळी 'शाळा', आणि 11 पदकांची मिळून फार तर एक ओळ.

उलट, फाईलमध्ये जे पदक नव्हतं ते खरं मोठं होतं. अकरावीत ती आयओक्यूएम पार करून आरएमओला बसली होती. आयओक्यूएम ही गणित ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा, तीन तासांत 30 प्रश्न, उत्तर नुसती संख्या. त्यातून निवडलेली मुलं विभागीय परीक्षेला, म्हणजे आरएमओला जातात, तिथून निवडलेली राष्ट्रीय परीक्षेला, म्हणजे आयएनएमओला. ती आयएनएमओपर्यंत पोचली नाही. घरात याची नोंद 'नापास' अशी झाली होती! प्रमाणपत्र फाईलमध्ये लावलंच नव्हतं. गणित ऑलिम्पियाडची ही साखळी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राशी जोडलेली आहे, तिथल्या दुसऱ्या पायरीवर उभं राहणं म्हणजे काय ते मी 20 मिनिटं दादाला समजावत बसले. ती ओळ पहिली गेली. दुसरी मल्लखांबाचं राज्यस्तरीय सांघिक कांस्य. तिसरी शाळेतल्या पदकांची एकत्र. चौथी आणि पाचवी आम्ही रिकामी ठेवली. वहिनीला हे पटेना, "कोऱ्या जागा बघून काय म्हणतील?" पण भरीच्या दोन ओळी टाकल्या की वरच्या तीनही ओळींकडे बघणाऱ्याची नजर पातळ होते. हा माझा अनुभव आहे.

मल्लखांबाचं वर्णन तिने आधी स्वतः लिहिलं होतं. 150 पैकी जवळपास सगळी अक्षरं प्राचीन परंपरा, पेशवाई आणि गौरवशाली वारसा यात संपली होती, तिच्यासाठी अक्षर उरलं नव्हतं. जुम्मादादा व्यायाम मंदिराचं आणि प्रो. माणिकरावांचं हे गाव, इथल्या मुलीला मल्लखांबाचा अभिमान असणारच. 2019 च्या फेब्रुवारीत मुंबईत पहिली जागतिक स्पर्धा झाली, पुढे खेलो इंडियातही हा खेळ आला, हे सगळं तिला तोंडपाठ. पण परदेशी वाचणाऱ्याला दोनच शब्द पुरतात, 'दोरावरचं जिम्नॅस्टिक्स'. पुढची अक्षरं तिची.

"पाय दाखव," मी म्हटलं. दोरीचा मल्लखांब करणाऱ्यांच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात घट्टा पडतो, कारण चढताना दोर तिथे धरायचा असतो. तिच्या दोन्ही पायांना तो होता, कातड्यासारखा कडक. सातवीत असताना सोलून रक्त यायचं, वहिनी हळद भरायची. मी म्हटलं, हे लिही, म्हणजे हा घट्टा नको, पण ज्या पहाटांनी हा पडला त्या लिही. शेवटी नोंद झाली ती अशी (मूळ इंग्रजीत, इथे मराठीत सांगते): दोरावरचं जिम्नॅस्टिक्स, आठवड्याला पाच पहाटे, राज्य सांघिक कांस्य, नव्या 12 मुलींना पहिली साधी अढी (पायांची पकड) शिकवते. 12 मुलींचं ती विसरली होती. तिला वाटलं, ते शिकवणं म्हणजे सरांनी सांगितलेलं काम, उपक्रम थोडाच.

छापखाना

आता या प्रकरणातला मुख्य भाग. मसुद्यात जो नव्हताच.

दादाचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. आमच्या वडिलांनी सुरू केलेला. गिऱ्हाईक अर्धं मराठी, अर्धं गुजराती. मी तिथे बसलेले असताना कामगार पोरगा जिन्यावरून हाक मारत आला, "बेन, प्रूफ!" आणि ती बोलता बोलता उठली, कागद घेतला, तिथेच जिन्यात उभ्याने वाचला, पेन्सिलने चार ठिकाणी खुणा केल्या आणि परत येऊन बसली. पुरती पाच मिनिटंही लागली नाहीत. घरात कोणी मान वर करून पाहिलं नाही.

"हे कधीपासून करतेस?"

"नववीपासून. आजोबांना दिसेनासं झालं ना, तेव्हापासून."

मी ते प्रूफ मागून घेतलं. एका गुजराती कुटुंबाची कंकोत्री होती. गुजराती पत्रिकेत शेवटी घरातल्या चिमुरड्यांच्या नावाने एक ओळ असते, 'मारा काकाना लग्नमां जलूल जलूल आवजो'. 'जरूर'चं बोबडं 'जलूल'. नव्या ऑपरेटरने ते शुद्धलेखनाची चूक समजून 'जरूर' केलं होतं. भाचीने ते परत 'जलूल' केलं होतं. बाजूला एका मराठी पत्रिकेच्या मजकुरात 'चि. सौ. कां.' मधला अनुस्वार गळलेला, तो घातला होता. इंग्रजी पत्त्यात सोसायटीच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं, त्याला गोल केला होता. तीन भाषा, तीन लिप्या. कुठली चूक चूक आहे आणि कुठली चूक मुद्दाम केलेली आहे, ते तिला कळत होतं. मी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, मला ठाऊक आहे हे किती अवघड असतं.

मी म्हटलं, हे दुसऱ्या क्रमांकावर जाणार.

घरात शांतता. मग वहिनी स्पष्ट बोलली. "वन्सं, तिकडे लोकांना वाटेल मुलीला कामाला जुंपलंय. आपल्यावर काय अशी वेळ आलीये का?" दादाचाही चेहरा उतरला. त्याला वाटलं, बाकी मुलांचे वडील इंटर्नशिप लावून देतात आणि मी पोरीला छापखान्यात बसवलं, हेच लिहायचं का जगाला.

हा आक्षेप मी हलक्याने घेतला नाही. घरच्या कष्टांचं प्रदर्शन नको वाटणं यात आपल्या माणसांची अब्रू आहे, आणि ती मला समजते. पण फॉर्ममध्ये उपक्रमाच्या प्रकारांची जी यादी येते तिच्यात 'नोकरी' आहे आणि 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हा स्वतंत्र प्रकार आहे. म्हणजे विचारणाऱ्यानेच त्यासाठी पाट मांडून ठेवलाय. ज्या मुलीला संध्याकाळी घरच्या धंद्यात हातभार लावावा लागतो तिला क्लबांची अध्यक्षपदं मिळवायला वेळ नसतो, हे तिकडच्यांना माहीत असतं. आपण लिहिलं नाही तर मात्र तिची संध्याकाळ रिकामी होती असं दिसतं. भाचीने निकाल दिला तो असा: "आई, मला ते काम आवडतं. लपवायचं का?" वहिनी उठून आत गेली. दहा मिनिटांनी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "लिहा."

तास मोजायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "आठवड्याला 15, वर्षभर." मी दादाला ऑर्डर-बुक आणायला लावलं. धंदा वर्षभर सारखा नसतो. दिवाळीच्या आधीपासून पत्रिकांची गर्दी, मग डिसेंबर-जानेवारीत कमुरतां लागले की लग्नं थांबतात, ऑर्डरी थंडावतात. संक्रांतीनंतरच्या मुहूर्तांची आणि पुढे उन्हाळ्याची गर्दी पुन्हा. पानं उलटून मोजलं तर भरीव कामाचे आठवडे 24 निघाले आणि सरासरी 8 तास. तेच लिहिलं. निम्म्याहून कमी झालं म्हणून ती खट्टू झाली होती. पण 8 गुणिले 24 म्हणजे 192 तास. एका वर्षाचे. चार वर्षं.

वर्णनासाठी मी तिला सांगितलं की 'मदत करते' हा शब्द वापरायचा नाही. त्यातून चित्र उभं राहत नाही. तिने लिहिलं: घरच्या छापखान्यात मराठी, गुजराती, इंग्रजी पत्रिकांची अंतिम प्रुफं, माझ्या सहीशिवाय छपाई नाही. शेवटचं वाक्य खरं आहे का, म्हणून मी दादाकडे पाहिलं. तो म्हणाला, "दोन वर्षं झाली. ती बाहेरगावी गेली तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो."

ऑगस्ट 2024 च्या पुराचा प्रश्न यातूनच निघाला. विश्वामित्रीचं पाणी शहरभर शिरलं तेव्हा मुजमहुडा भागातलं कागदाचं गोदाम बुडालं. भाची आठवडाभर गोदामात होती, ओले रीम आणि वाचलेले रीम वेगळे करत, वरच्या मजल्यावर वाळत घालत. दादाला हे उपक्रम म्हणून हवं होतं, 'पूर मदतकार्य' या नावाने. मी नाही म्हटलं. तिने घरचा कागद वाचवला होता. मदतकार्य करणारी माणसं वेगळी होती, छातीभर पाण्यात दूध पोचवणारी, त्यांचं नाव आपण घ्यायचं नाही. पण त्या आठवड्याने तिची शाळा आणि चाचणी परीक्षा बुडाली हे खरं होतं. परिस्थिती सांगायला फॉर्ममध्ये वेगळी जागा असते, तिथे चार साध्या वाक्यांत ते गेलं.

बाकीच्या नोंदी पटकन झाल्या. गणिताचा स्वतःचा अभ्यास. दर रविवारी वाड्यातल्या पाच मुलांना फुकट गणित. आजीच्या भजनी मंडळात एकादशीला पेटी वाजवणं. महिन्यातून दोनदा असणारी गोष्ट 'आठवड्याला किती' मध्ये बसवताना आम्ही वर्षाचे 24 आठवडे, 2 तास असं लिहिलं. हेड गर्ल शेवटी. त्या पदाबद्दल तिला विचारलं तर म्हणाली, प्रार्थनेला सावधान-विश्राम. अजून खोदल्यावर कळलं की मधल्या सुट्टीत मुलींच्या एका स्वच्छतागृहाला कुलूप असायचं, ते उघडावं म्हणून तिने सही-मोहीम काढली, तीन वेळा मुख्याध्यापकांना भेटली, आणि कुलूप निघालं. 150 अक्षरांत फक्त तेच लिहिलं. सावधान-विश्राम गेलं.

सहा नोंदी. चार रकाने कोरे. ऐन गर्दीच्या आठवड्यातली बेरीज 28 तास, 45 मध्ये नीट मावणारी.

पहिला अर्ज 1 नोव्हेंबरच्या मुदतीचा, म्हणजे ऐन दिवाळीत. आम्ही दोन दिवस आधी पाठवला. डिसेंबरच्या मध्यात नकार आला. वहिनीने मला काही म्हटलं नाही, पण तिच्या मनात ते चार कोरे रकाने होते, हे मला कळत होतं. नकाराचं कारण कोणी कळवत नाही, तेव्हा यादी चुकली की बाकी काही, हे मला सांगता येणार नाही, आणि पुढे मार्चमध्ये दोन ठिकाणांहून होकार आले त्याचं श्रेयही मी यादीला देणार नाही.

मधल्या काळात, जानेवारीच्या सुरुवातीला एमआयटीचा अर्ज होता. त्यांचा फॉर्म स्वतःचा, आणि उपक्रम फक्त चार विचारतात. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात उपक्रम आणि बक्षिसं मिळून 20 पर्यंत लिहिता येतात, तिथे भजनी मंडळापासून सगळं बसलं. चारासाठी मात्र पुन्हा टेबलाभोवती बसावं लागलं. मल्लखांब, छापखाना, गणिताचा अभ्यास, हे तीन ठरले. चौथ्यासाठी दादा म्हणाला हेड गर्ल, पदाचं नाव तरी दिसेल. मलाही कुलपाची गोष्ट आवडायची, मी दादाच्या बाजूने होते.

भाचीने रविवारच्या पाच मुलांना घेतलं. मी कारण विचारलं.

"कुलूप उघडून झालं, आत्या," ती म्हणाली. "ही मुलं उद्या सकाळी येणार आहेत." मग तिने घड्याळ पाहिलं आणि अपूर्णांकांचा कागद काढायला आत गेली.